घोडा, चाप आणि कुंडलची नजर

मराठी कथा-कादंबऱ्यांत रिव्हॉल्व्हरे पुष्कळ सापडतात. मात्र ते कोणते रिव्हॉल्व्हर, हे सांगणारा लेखक विरळा. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला ‘पिस्तूल रोखले’ एवढे पुरत असे. पुढे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतील भेदही पुसट झाला, आणि ‘घोडा’ हा शब्द कधी हातोडीसारख्या आपटणाऱ्या भागासाठी, तर कधी बोटाने ओढावयाच्या चापासाठी येऊ लागला. आम्हांला हा शब्दांचा ढिलेपणा क्षुल्लक वाटत नाही. जुन्या डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरचे सारे मर्म घोडा आणि चाप यांच्या नात्यातच आहे.

सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरांत घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. त्यासरशी गोळ्यांची फिरकी एक घर पुढे सरके, आणि मग चाप दाबला की बार उडे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टची अशी रिव्हॉल्व्हरे होती. तिथेच रॉबर्ट ॲडम्सने आपले निराळे यंत्र मांडले होते. त्यात चाप ओढताच घोडा उठे, फिरकी फिरे आणि घोडा पडे. पण हा ओढा जड असे आणि त्यामुळे नेम ढळे. १८५६ मध्ये ब्यूमाँट या इंग्रज लष्करी अभियंत्याने दोन्ही रीती एकाच यंत्रात आणल्या. सावकाश नेम धरायचा तर अंगठ्याने घोडा चढवावा. शत्रू अंगावर आला तर नुसता चाप ओढावा. एकाच बोटाच्या ओढीने दोन कामे होणे, म्हणून ‘डबल-ॲक्शन’. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती ॲडम्सच्या घडणीची रिव्हॉल्व्हरे होती. पुढे बर्मिंगहॅमच्या वेब्लीने १८८७ पासून ब्रिटिश लष्कराला बिजागरीवर मोडून उघडणारी रिव्हॉल्व्हरे पुरवली. नळी खाली मोडली की रिकामी काडतुसे आपोआप वर उचलली जातात. संग्राहक या हालचालीवर लुब्ध होतात, आणि आम्हांला त्यात काही गैर वाटत नाही. भागाशी भाग जुळण्यातला नेमकेपणा, पोलादावरची निळसर झाक, मुठीवरची झिजलेली नक्षी, नळीवरचे परीक्षणाचे ठसे हे सारे वाचता येते. हस्तलिखितातील खाडाखोड वाचणाऱ्या अभ्यासकाने या वाचनाला नाक मुरडण्याचे कारण नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. रसग्रहणाची ही परंपरा जवळजवळ सर्वस्वी मुठीच्या बाजूने लिहिली गेली. नळीच्या बाजूने तिचे वाचन कोणी करावयाचे?

ती बाजू कुंडलला ठाऊक होती. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र परवान्याच्या कुलपात घातले. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात गेला. शस्त्रांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही १९५९ चा कायदा येईपर्यंत पुस्तकात होता. साहित्याचे इतिहासकार पहिल्यावर प्रकरणे लिहितात आणि दुसऱ्याचा उल्लेखही करीत नाहीत. पण ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवली, तेव्हा क्रांतिकारकांपाशी मुख्यतः लाठ्या, कोयते आणि मोजके गावठी बॉम्ब होते. त्या मोहिमेत जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड ही कुंडलची माणसे पुढे होती. त्यांच्या हातातील कोयता हा त्या १८७८ च्या कायद्याचाच परिणाम. रिव्हॉल्व्हर हे साहेबाच्या कमरेचे, फौजदाराच्या पट्ट्याचे. ते हाती आले तर हिसकावूनच येणार. अशा माणसाला मुठीवरची नक्षी दिसत नाही; घोडा चढलेला आहे की नाही, एवढेच दिसते. तेही रिव्हॉल्व्हरचे वाचनच, आणि कदाचित अधिक काळजीपूर्वक केलेले.

यंत्राविषयी या परिसराला अनास्था होती, असेही म्हणता येत नाही. औंध संस्थानातील या कुंडलच्याच शेजारी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथे लोखंडी नांगर ओतले गेले, आणि १९२० मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. ज्या वाडीने ओतकामाबरोबर मराठी मासिकही घडवले, तिच्या परिसरातील शस्त्राचे वर्णन करताना आमची भाषा ‘पिस्तूल’ या एका शब्दावर थांबावी, हे चमत्कारिक आहे.

आज आपल्याकडे संग्राहक होणे सोपे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर साधारणतः दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. कालबाह्य घडणीच्या आणि वापरावयाच्या नसलेल्या शस्त्रांना कायद्यात सवलत आहे खरी, पण जुने वेब्ली अनेकदा तिच्या बाहेर राहते, कारण ते अजून चालते. १९८० च्या दशकात परदेशी रिव्हॉल्व्हरांच्या आयातीची वाट बंद झाल्यापासून तर त्याला वस्तू म्हणून नव्हे, हत्यार म्हणून किंमत आली. मग ते घासूनपुसून, नवा मुलामा देऊन विकले जाते, आणि ठसे, झीज, खुणा म्हणजे जे काही वाचण्याजोगे होते तेच पुसले जाते. जुन्या पोथीवर नवी शाई फिरवण्यापैकीच हे. परवानाधारक वारला आणि वारसाला शस्त्र नकोसे झाले, तर ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते. मुदतीत व्यवस्था न झाल्यास सरकारजमा. सरकारजमा झालेल्या शस्त्राची कुळकथा पुढे कोण विचारणार?

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे पाहताना प्रेक्षक तलवारींपाशी रेंगाळतो, कारण तलवारीविषयी बोलायला त्याच्यापाशी शब्द असतात: मूठ, परज, पाते, पाणी. रिव्हॉल्व्हरपाशी तो गप्प होतो. हे शब्द जमवण्याचे काम मराठीच्या अध्यापकांनी करावे, असे आम्हांला वाटते. ते शस्त्रप्रेमींवर सोडले तर मुठीची बाजू तेवढी जमेल. सातारा-सांगलीत प्रतिसरकारच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या, सांगितल्या. त्या पुन्हा वाचताना विद्यार्थ्यांनी एवढे टिपून ठेवावे: शस्त्र कोणते म्हटले आहे, कोणाचे होते, कोणाच्या हाती गेले, आणि पुढे त्याचे काय झाले. ज्या घरांत अजून असे एखादे रिव्हॉल्व्हर परवान्यावर आहे, त्यांनी ते जमा करण्यापूर्वी त्याच्या ठशांची छायाचित्रे आणि जुन्या परवान्याची नक्कल जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्यावी. ग्रंथपालाने ती कोणत्या विषयाखाली लावावी, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा.