कोणापासून लपणारे विमान?

गोंदियाजवळ बिरसी येथे जी धावपट्टी आहे, ती मुळात इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानला त्या युद्धात ओढले, तेव्हा लोकनियुक्त प्रतिनिधींना विचारण्याचीही गरज त्यांना भासली नाही. मग धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या शेतकऱ्याला कोण विचारणार? युद्धाचा भार ज्याने वाहायचा त्याने तोंड उघडू नये, ही परकीय सत्तेची रीत होती. लोकशाही राष्ट्रांनी ती टाकून दिली असे ज्यांना वाटते, त्यांनी अमेरिकेच्या बी-२ या बॉम्बफेकी विमानाचा इतिहास एकवार तपासावा.

रडारच्या लहरी भलतीकडे वळाव्यात वा शोषल्या जाव्यात असा या विमानाचा आकार व लेप असतो. इंजिनाचा उष्ण झोतही झाकलेला असतो. १९८१ मध्ये नॉर्थ्रॉप कंपनीला हे काम मिळाले आणि १३२ विमानांचा संकल्प सोडण्यात आला. २२ नोव्हेंबर १९८८ रोजी विमान प्रथम लोकांपुढे आले, तोवर त्याच्या खर्चाचा खरा हिशेब करदात्याला कळू दिलेला नव्हता. शत्रूच्या रडारआधी ते स्वतःच्या जनतेला चुकवून उडत होते, असेच म्हटले पाहिजे. आकडे उघड होताच मात्र चक्र फिरले. रॉन डेलम्स यांच्यासारखा युद्धविरोधी लोकप्रतिनिधी आणि जॉन केसिक यांच्यासारखा रिपब्लिकन काटकसरवादी एकत्र उभे ठाकले. सोव्हिएत संघही कोसळला. अखेर १३२ ची २१ झाली आणि विकासखर्च धरून प्रत्येक विमान सुमारे दोन अब्ज डॉलरना पडले. गुप्तता टिकली असती तर संख्या इतकी घटली असती काय?

आता या गुप्ततेची दुसरी बाजू. मुंबईत जन्मलेले नोशीर गोवाडिया हे नॉर्थ्रॉपमधील अभियंते. बी-२ च्या इंजिनाचा झोत लपविण्याच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. २००५ मध्ये त्यांना अटक झाली. चीनच्या क्रूझ क्षेपणास्त्रासाठी झोत झाकणारी नळी आखून दिल्याबद्दल व अन्य आरोपांवरून ज्यूरीने २०१० मध्ये त्यांना दोषी ठरविले आणि जानेवारी २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार त्यांना मिळालेली रक्कम होती किमान १,१०,००० डॉलर. गोवाडियांच्या कृत्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु बुद्धी विकत घेऊन तिच्यापासून संहाराची साधने घडविणाऱ्या व्यवस्थेत ती बुद्धी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली, याचे आश्चर्य त्या व्यवस्थेनेच करावे, हे मोठे गमतीचे आहे! अब्जावधींचा जो हिशेब नागरिकापासून इतकी वर्षे राखला, त्या विमानाची विद्या परराष्ट्राला एखाद्या घराच्या किमतीत मिळाली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. भारतातही रडारला सहजी न सापडणारे लढाऊ विमान, ‘अ‍ॅम्का’, घडविण्याचा उद्योग चालू आहे. मार्च २०२४ मध्ये त्यासाठी सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले. स्वदेशीचा जयघोष मोठा. पण पहिल्या टप्प्यातील इंजिन जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे! देशाचे संरक्षण नको असे कोणी म्हणत नाही. संरक्षणाच्या नावाखाली हिशेब नको, हे मात्र सरकार म्हणत आले आहे. राफेलच्या किमतीचा तपशील २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बंद लिफाफ्यातून गेला. २०१९ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातही त्या किमतींवर पडदाच होता. आणि २०२३ मध्ये तर लोकसभेने सर्व खात्यांच्या अनुदानमागण्या चर्चेविना संमत केल्या. लिनलिथगो यांना निदान सभागृहाचे नाटक तरी करावे लागले नव्हते.

तेंदूपत्ता तोडणारी गोंदियाची मजूर स्त्री काडेपेटीसारख्या किरकोळ खरेदीतही कर भरते. तिच्या वतीने भंडारा-गोंदियाच्या खासदाराने लोकसभेत तीन प्रश्न विचारावेत: ‘अ‍ॅम्का’चे एक विमान अखेरीस कितीला पडणार, इंजिनापोटी परदेशी किती जाणार, आणि हा खर्च फुगला तर कोणत्या खात्याच्या तरतुदीला कात्री लागणार? उत्तर मिळेपर्यंत पुढील हप्त्याला त्याने मत देऊ नये.