घराचा हिशेब टनात करा



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहानथोरांना पाठ आहे. पाठ असूनही ती खरी कळते ती पाया खणून झाल्यावरच. गाळपाच्या निमित्ताने कार्यक्षेत्रात फिरताना वाडी-वस्तीवर नवी बांधकामे दिसतात, याचा आम्हाला आनंदच आहे. ज्याचा आजा पाचटाच्या छपरात राहिला, त्याने स्लॅबखाली झोपावे यात वाईट ते काय? सहकारी कारखानदारी उभी राहिली तीच मुळी यासाठी. पण त्याच फेरीत दुसरेही चित्र दिसते. जोत्यावर येऊन थांबलेली घरे, गिलाव्याविना उभ्या भिंती, आकाशाकडे तोंड करून गंजत पडलेल्या सळया. मालकाला विचारले तर उत्तर एकच मिळते, "अंदाज चुकला बघा."

हा अंदाज का चुकतो, यावर चार शब्द स्पष्टपणे लिहावेत असे आम्हास वाटते. कोणाला झोंबले तर राग मानू नये.

मध्यंतरी एक वडीलधारे सभासद गटऑफिसात घराचा नकाशा घेऊन आले. तीन एकर ऊस, घरात सात माणसे. नकाशा शहरातल्या पाहुण्याच्या बंगल्यावरून काढलेला. आम्ही विचारले, "तात्या, खर्च किती धरलाय?"

"मिस्त्री दोन हजार रुपये फूट म्हणतोय."

"म्हणजे किती टन?"

तात्या हसले. "घर काय टनावर बांधतात व्हय?"

आमचे म्हणणे असे, की ऊस उत्पादकाने घर टनावरच बांधले पाहिजे. नोकरदार माणूस घराचा हिशेब पगारात करतो, व्यापारी नफ्यात करतो. आपला पगारही ऊस आणि नफाही ऊस. मग हिशेब दुसऱ्याच्या मापाने कशासाठी?

करून बघू. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. सोपे जावे म्हणून हातात टनाला ३,००० रुपये येतात असे धरू. बेणे, खत, पाणी, वीज, मशागत, मजुरी यात निम्मे गेले असे समजू. राहिले टनाला १,५००. आता १,००० चौरस फुटांचे घर, दर २,०००, म्हणजे २० लाख रुपये. भागाकार केला की उत्तर येते १,३३३ टन. एकरी ४० टन धरले तरी तीन एकरांत वर्षाला १२० टन. म्हणजे तात्यांची अकरा वर्षांची शिल्लक एका घरात. तीही त्या अकरा वर्षांत कोणी आजारी पडायचे नाही, पोरीचे लग्न काढायचे नाही आणि मोटार जळायची नाही, या बोलीवर.

हे आकडे प्रत्येकाने आपल्या शेताप्रमाणे बदलून घ्यावेत. कोणाचा एकरी उतारा जास्त असेल, कोणाचा खर्च कमी असेल. पण पद्धत तीच ठेवावी. ती ठेवली म्हणजे डोळे उघडतात. तात्यांच्या नकाशात पुढे ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद पोर्च होता. त्याला भिंती नाहीत म्हणून आम्ही दर निम्माच धरला, १,००० रुपये. तरी २ लाख ४० हजार झाले. म्हणजे १६० टनांची शिल्लक, म्हणजे चार एकरांचा ऊस. आम्ही म्हटले, "तात्या, चार एकर ऊस तुम्ही दारात उभा करताय, आणि तुमच्याकडं एकर आहेत तीन." तात्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि चहा न घेताच उठले. आठवड्याने परत आले ते पोर्च खोडून.

दुसरी गोष्ट पैसा येण्याच्या वेळेची. सुरूचा ऊस बारा महिने घेतो, आडसाली सोळा ते अठरा महिने घेतो. घर मात्र दर आठवड्याला खाते. शनिवारी मिस्त्रीला पगार, सोमवारी सिमेंट, मधेच खडीचा डंपर. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत. पण राज्यात किती हंगामांत किती ठिकाणी ते लांबले, हे सभासदांपासून लपवण्यात अर्थ नाही. ज्या घराची सळई 'बिल आलं की देतो' या शब्दावर उतरते, त्या घराला त्या उधारीचा भाव वेगळा लागतो.

यातूनच मग हात सोसायटीच्या पीककर्जाकडे जातो. आमच्या मते ही सगळ्यात महाग चूक. कर्ज लागणीचे, गेले स्लॅबमध्ये. लागणीला खत कमी पडले, भरणीला मजूर लावले नाहीत, एकरी ४० टनांचे ३० झाले. तीन एकरांत ३० टन घटले, म्हणजे हातात येणारे ९० हजार गेले. सोसायटीची वसुली तर बिलातून व्हायची तशी झालीच. मुदतीत फेड झाली नाही तर व्याजाची सवलतही बुडते. घरासाठी घरकर्जच काढावे, पण तेही डोळे उघडे ठेवून. १० लाख रुपये ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता १० हजारांच्या थोडा वर बसतो आणि एकूण फेड होते सुमारे सव्वाअठरा लाख. वरच्याच हिशेबाने हा हप्ता दर वर्षी दोन एकरांची शिल्लक खातो. तीन एकरवाल्याने उरलेल्या एका एकरात संसार करायचा आहे, हे सहीच्या आधी घरात सगळ्यांना सांगावे.

तिसरी गोष्ट, फुटाचा दर. मिस्त्री किंवा ठेकेदार 'दोन हजार फूट' म्हणाला, की आपण लगेच नारळ फोडतो. पण हा फूट कुठला, ते कोण विचारतो? ३० बाय ४० चे घर बाहेरून मोजले तर १,२०० चौरस फूट. त्यात बाहेरच्या ९ इंची भिंतीच शंभरावर फूट खातात, आतल्या भिंती वेगळ्याच. पैसे बाहेरच्या मापाचे आणि राहायचे आतल्या मापात. शिवाय जोत्यातला मुरूम, सेप्टिक टाकी, पाण्याची टाकी, विजेचे कनेक्शन, कंपाउंड, रंग हे दरात आहेत की बाहेर, ते कागदावर लिहून घ्यावे. पाहुण्यातला ठेकेदार असेल तर दोनदा लिहून घ्यावे. नात्यात तोंडी व्यवहार झाला म्हणजे पैसाही जातो आणि नातेही जाते.

चौथी गोष्ट सांगताना थोडे हसू येते. आपल्या कारखान्याच्या वजनकाट्यावर सभासद डोळ्यात तेल घालून उभा असतो. दहा किलो इकडचे तिकडे झाले तर वार्षिक सभा दणाणते, आणि ते योग्यच आहे. पण तोच सभासद सळईची गाडी उतरताना चहा पीत बसतो! १२ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते. १२ मीटरची एक सळई म्हणजे साडेदहा किलोंच्या थोडी वर. दहा सळया मोजून वजन करा, हलका माल लगेच उघडा पडेल. वाळूचा किंवा कचाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट उंच. टेप लावून ट्रॉली मोजा. ओली वाळू फुगते, त्यामुळे भरलेली दिसली तरी माल कमी असतो. काटा आपला असो की दुकानदाराचा, नजर सारखीच पाहिजे.

आता काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही. आमच्याकडे उलटे चालते. जे डोळ्यांना दिसते तिथे पैसा ओततात आणि जे जमिनीत जाते तिथे हात आखडतात. आपला बराच भाग काळ्या जमिनीचा. ही जमीन पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या घरालाही भेगा पाडते. पाया मुरुमापर्यंत न्यावा, जोत्यावर काँक्रीटचा पट्टा घ्यावा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारून पाया ठरवावा. नदीकाठच्या सभासदांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुराची खूण भिंतीवर अजून असेल ती बघून मगच जोत्याची उंची धरावी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या जड भिंतींनी आणि माळवदांनी झोपेतल्या माणसांना गाडले. त्या घरांत दगडाला तोटा नव्हता, भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. म्हणून पाया, सळई आणि पट्टा यांत एक रुपयाही वाचवू नये.

स्लॅबला पाणी मारण्याचेही तेच. लागणीची पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. स्लॅबवरही वाफे बांधून पाणी साठवावे लागते, निदान आठ-दहा दिवस, सिमेंटप्रमाणे त्याहून जास्त. त्यात पैसा लागत नाही, माणूस लागतो. काँक्रीट पातळ करून ओतले की काम भराभर उरकते, पण ताकद जाते. मिस्त्रीची घाई मालकाने थांबवावी.

वाचवायचे असेल तर पोर्चात वाचवा, पुढच्या नक्षीत वाचवा, कोणी चढणार नाही त्या दुसऱ्या जिन्यात वाचवा. जुना वाडा पाडताना निघालेली सागवानी दारे, तुळया, घडीव दगड भंगाराच्या भावाने देऊ नका. आणि सगळ्यात मोठी बचत कागदावर होते. नकाशावरची भिंत खोडायला रबर लागते. बांधलेली भिंत हलवायची म्हटली तर बांधल्याचे पैसे, पाडल्याचे पैसे आणि पुन्हा बांधल्याचे पैसे. "आता एवढं केलंच हाय तर हेबी करू" या एका वाक्याने जेवढी घरे कर्जात गेली, तेवढी सिमेंटच्या भावाने गेली नसतील.

मनासारखे घर म्हणजे काय, याचाही विचार व्हावा. शहरातल्या बंगल्याची नक्कल म्हणजे मनासारखे घर नव्हे. औषध फवारणीचा पंप कुठे ठेवायचा, खताची पोती कुठे टाकायची, रानातून आलेल्या माणसाने पाय कुठे धुवायचे, गोठा वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, हे ज्या नकाशात नाही ते घर आपले नाही. स्वयंपाकघर, मोरी आणि चुलीचा धूर जाण्याची वाट ठरवताना घरातल्या बाईला विचारले नाही, तर भिंती हलवायची वेळ नक्की येणार. पोरे पुण्या-मुंबईला, वरच्या खोल्यांना कुलूप आणि खाली म्हातारा-म्हातारी एका खोलीत, अशी घरे आज प्रत्येक गावात आहेत. त्या कुलपांचेही टन मोजून झालेले आहेत.

सगळे एकदम होत नसेल तर टप्प्याने बांधा. पण पाया आणि खांब पुढच्या खोल्या धरून आधीच आखून घ्या, आणि वर सोडलेल्या सळया पातळ काँक्रीटने झाकून ठेवा. प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली कारखाना उभा केला, तो गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून. आधी भांडवल, मग पाया. कारखान्याला जो नियम, तोच घराला.

शेवटी संचालक मंडळाला आमची एक सूचना आहे. कारखान्याच्या स्थापत्य विभागातील अभियंत्याने महिन्यातून एक दिवस प्रत्येक गटऑफिसात बसावे आणि घर बांधू इच्छिणाऱ्या सभासदाचा नकाशा व अंदाजपत्रक तपासून द्यावे. एका गावात एकाच वर्षी पाच-सहा घरे निघत असतील, तर त्या सभासदांनी सिमेंट आणि सळई एकत्र घ्यावी. खत आपण एकत्र घेतो, मग सिमेंट का नको? येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणीतरी सभासदाने मांडावा.

तात्यांचे घर आता लहान झाले आहे. चार खोल्या, पुढे पडवी, पोर्च नाही. पाया मुरुमापर्यंत गेला आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "आकडा बघून झोप उडाली हुती. आता लागते." घर बांधायचे ते झोपेसाठीच, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

— संपादक मंडळ