मोत्याच्या डुलामागचा पडदा

इस्लापूरसारख्या गावात व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याने जुने अस्सल तैलचित्र पाहायचे कुठे? मुंबईचे वस्तुसंग्रहालय लांब, औंधचे श्री भवानी संग्रहालयही लांब. मग मोबाइलवर बघून व्हर्मिरची मोत्याचे डूल घातलेली मुलगी उतरवली जाते. आमची त्याला हरकत नाही. रूबेन्सनेही टिशियनच्या नकला केल्या. आपले पेस्तनजी बोमनजी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवत होते. पुढे ते तैलरंगातले व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले.

खटकतो तो कामाचा क्रम. आधी डोळा, मग नाक, मग ओठ आणि शेवटी मागे ट्यूबमधला काळा. व्हर्मिरची ती पार्श्वभूमी मुळात काळी नव्हतीच. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ मध्ये केलेल्या तपासणीत मुलीमागे हिरवा पडदा असल्याचे दिसले. गडद थरावर नीळ आणि पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक हात फिरवलेला होता. साडेतीनशे वर्षांत तो विटला. सरसकट काळा फासणारा त्या विटण्याचीच नक्कल करतो. डुलाचेही तसेच. मुळात त्याला ना कडी, ना पुरती बाह्यरेषा. पांढऱ्याचे मोजके फटकारे. नकलेत मात्र कंपासने काढल्यासारखा गोल दिसतो.

म्हणून आधी अंबर आणि पांढरा एवढ्यावरच डोके बांधा. डोळे किलकिले करून सावलीचा एकसंध आकार पकडा. पापण्यांना वेळ आहे. ते वाळल्यावर पांढरा, यलो ऑकर, लाल, काळा. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यांत तेल जास्त. उलटे केले तर पुढे तडे जातात. (जवस आपल्या शिवारात पिकते म्हणून घाण्याचे तेल रंगात घालू नये. चित्रकामाचे तेल शुद्ध केलेले असते.) मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचे आहे. तीन फुटी कॅनव्हासवर तो हात सापडणार नाही, त्याच मापाचा घ्या. सही मात्र व्हर्मिरची नको. मागे ‘नक्कल’ असे लिहून स्वतःचे नाव घाला.

आणि नक्कल वाळत असतानाच घरातल्या आजीला खिडकीशी बसवा. उजेड डावीकडून, रंग तेच, क्रमही तोच. आजी हलेल, बोलेल, मध्येच चहाला उठेल. मोबाइलवरची मुलगी यातले काहीच करत नाही. पुढच्या अंकासाठी पूर्ण झालेल्या नकला पाठवू नका. दोन्ही चित्रांचे, रंग चढण्याआधीचे फोटो पाठवा.