एक खिळा की दोन?

“फर्स्ट इयरची केमिस्ट्री इंजिनिअरच्या काय कामाची?” कॅन्टीनमध्ये हे रोज ऐकू येतं. माझं मत विचाराल तर विषय कामाचा आहे, शिकवायची पद्धत बिनकामाची. सिस म्हणजे एका बाजूला, ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूला, दोन मार्क, पुढे चला!

अहो, हा तर आपल्या मेकॅनिक्सचा विषय. दोन पट्ट्या एका खिळ्याने जोडल्या तर फिरतात. दुसरा खिळा मारला की संपलं. कार्बन-कार्बन डबल बाँडचं तसंच. त्यातला पाय बाँड तोडल्याशिवाय तो फिरत नाही. इथेनला फिरायला मोलमागे साधारण 12 किलोज्यूल पुरतात, इथिलीनला अडीचशेच्या वर लागतात. म्हणून रेणू ज्या आकारात अडकला, त्यातच राहतो.

आणि त्या आकारावर किती काय ठरतं! नैसर्गिक रबर आणि गटापर्चा, दोन्ही आयसोप्रीनचेच पॉलिमर. रबर सिस, साखळ्या वेड्यावाकड्या, नीट रचून बसत नाहीत, म्हणून मऊ आणि लवचीक. गटापर्चा ट्रान्स, साखळ्या सरळ, एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून कडक. 1858 च्या अटलांटिक टेलिग्राफ केबलला याचंच इन्सुलेशन होतं. ज्यांचं रूट कॅनॉल झालंय, त्यांच्या दातात बहुधा आजही हेच आहे! (आमच्या नोट्समध्ये मात्र ‘गटापर्चा’ हा शब्दच नाही.)

सर-मॅडमना एवढंच म्हणणं आहे, की पेपरात व्याख्या नका विचारू. रबराचा तुकडा हातात द्या आणि विचारा, हा का ताणला जातो?