हवा काढण्याआधी

नवरात्र तोंडावर आलं की गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात रेणुकादेवीच्या दर्शनाला गाड्यांची रीघ लागते. याच दिवसांत इकडच्या जीपा माणसांनी भरून माहूरगडाकडेही निघतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजला येते आणि मागणी ठरलेली असते : "मिस्त्री, पेडल जरा खाली जातंय, तेवढी हवा काढून द्या, पहाटे निघायचंय." आपल्यापैकी पुष्कळ जण निपल उघडतात, चार वेळा पंपिंग करून घेतात, ब्रेक ऑईलची भर घालतात आणि गाडी देऊन टाकतात. हे संपादकीय या सवयीविरुद्ध आहे, आणि मी ते पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे. अशी गाडी भरल्या वजनाने घाट उतरणार असते.

पेडल मऊ लागणं आणि पेडल बसत जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. मऊ पेडल पायाखाली दबतं, पंपिंग केलं की कडक होत वर येतं. तिथे हवेचा संशय रास्त आहे. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. जुना होस पाईप दाबाने फुगत असेल तरी पायाला तसंच वाटतं, म्हणून एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने होसला हात लावून पाहावं. पण जे पेडल आधी नीट कडक लागतं आणि पाय ठेवून राहिलं की हळूहळू खाली सरकतं, त्यात हवा काढून उपयोग नाही. तिथे दाब कुठून तरी निसटतो आहे. टाकीतली पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे : व्हील सिलिंडरचं रबरी बूट उलटून पाहा, आत ओल दिसेल. मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून गळणारं ऑईल बूस्टरमध्ये जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून दोन नट सोडून तिथेही डोकवा. पातळी तशीच राहून पेडल बसत असेल, तर बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत ऑईल मागे सोडतो आहे.

हा दोष सापडत नाही याचं कारण आपली तपासायची रीत. मिस्त्री गाडीत बसतो, जोरात पाय मारतो, पेडल थांबतं, आणि "मास्टर चांगला आहे" असा निकाल लागतो. पण कपाची ओठासारखी कड दाबानेच सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. दाब जास्त तितकी पकड घट्ट. झिजलेला कप जोराच्या पायाला अनेकदा धरतो आणि हलक्या पायाला सोडतो. म्हणूनच गिऱ्हाईक सांगतं की रेल्वे फाटकावर पाय ठेवून उभं राहिलं की पेडल खाली जातं, आणि आपल्याला गॅरेजमध्ये ते दिसत नाही. त्याचं खरं असतं. इंजिन बंद करा, चार-पाच वेळा पेडल मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा, मग हलक्या पायाने अर्धा मिनिट धरून ठेवा. नंतर तेच इंजिन चालू ठेवून करा. इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जाणं हे बूस्टर काम करत असल्याचं लक्षण आहे, त्याला दोष समजू नका.

तरीही शंका राहिली तर मास्टरचे पाईप सोडून तिथे डमी नट लावा. हवा काढलेल्या चांगल्या मास्टरवर पेडल दगडासारखं थांबतं. मग एकेक पाईप जोडत जा. ज्या लाइनला पेडल खाली येईल, दोष त्या बाजूला. बहुतेक गाड्यांना दहा एमएमचा, एक पिचचा नट चालतो, आणि कोणताही लेथवाला तो करून देईल. एवढ्याशा वस्तूअभावी आपण चांगले मास्टर बदलतो आणि खराब तसेच ठेवतो.

मागच्या ड्रममधली ढिलाई ओळखणं सोपं. हँडब्रेक ओढून पेडल वर आलं तर आधी लायनर आणि अ‍ॅडजस्टर पाहा.

आता उतरणीचं. गॅरेजमध्ये ठणठणीत असलेलं पेडल घाटाच्या तळाशी जमिनीला टेकतं, आणि गाडी थंड झाली की पुन्हा ठीक होतं. हे जुन्या ऑईलचं काम. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. पॅड तापून कॅलिपरमधलं ऑईल उकळलं की तिथे वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदलायलाच हवं. उघड्या पडलेल्या डब्यातलं आणि निपलमधून बाटलीत जमवलेलं जुनं ऑईल पुन्हा टाकीत ओतणं ताबडतोब बंद झालं पाहिजे.

हवा काढतानाही नुकसान होतं. जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत मारलं की कप सिलिंडरच्या त्या भागात जातो जिथे तो एरवी कधी जात नाही. तिथे गंज आणि मळ असतो, आणि कड फाटते. हवा काढायला आलेली गाडी पेडल बसत परत जाते ती यामुळे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. कप डिझेलमध्ये धुऊ नका, ते फुगतात. कॅलिपर उलटसुलट बसून निपल खाली गेलं असेल तर कितीही पंपिंग करा, हवा वरच राहील. एबीएसच्या गाडीत मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली तर अनेकदा ती स्कॅनरशिवाय निघत नाही. ते साधन नसेल तर गाडी ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडे पाठवा, यात कमीपणा नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. खेड्यातलं गिऱ्हाईक पूर्ण मास्टर ऐकून मागे सरतं आणि किटवर भागवायला सांगतं. सिलिंडरची भिंत गुळगुळीत असेल तर चांगलं किट चालेल. नखाला खड्डा लागला तर नाही. अशा वेळी गाडी ठेवून घ्या, नाहीतर बिलावर "मास्टर सिलिंडर खराब, गाडी चालवू नये" असं लिहून सही घ्या. तपासणीची मजुरी वेगळी लावा. अर्धा तास पेडल आणि पाईप तपासणं हे हवा काढण्यापेक्षा मोठं कसब आहे, आणि ते फुकट दिलं की कुणीच करत नाही.

ज्यांनी डमी नट करून वापरले आहेत, त्यांनी गाडीचं मॉडेल, नटाचा पिच आणि टोकाचा आकार आम्हाला कळवावा. पुढच्या अंकात भिंतीला लावता येईल असा तक्ता छापू.