एक जूनची माणसं

खेड्यातल्या माणसाला पासपोर्टची दीड हजाराची फी एकवेळ परवडते, नडतात ते कागद. २०१७ पासून टपाल कार्यालयांत सेवा केंद्रं सुरू झाली, बऱ्याच जिल्ह्यांची मुंबई-पुण्याची खेप वाचली, हे चांगलंच झालं. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘दगडू’, आधारवर ‘दगडोबा’ आणि जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून, याचं काय करायचं? बाईमाणसाचं तर एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. एकेक अक्षर दुरुस्त करायला रोज बुडवून तालुका गाठायचा. त्यात पोलीस पडताळणीच्या वेळी माणूस ऊसतोडीला गेलेला असला, की सगळं पुन्हा लांबणीवर. याचा मला खरोखर राग येतो, कारण चूक त्याची नसते. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. म्हणून ग्रामसेवकांना कळकळीची विनंती: एकवीस दिवसांच्या आत नोंद फुकट होते, ती करून घ्या, आणि बाळाचं नाव लिहिताना आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.