दुधाच्या पाइपवरची तिसरी वायर

डेअरी प्लँटमधलं तापमान आता मोबाइलवर लाइव्ह बघता येतं. जुन्नर-आंबेगाव हा दुधाचा पट्टा, मंचरला पराग मिल्क फूड्सचा मोठा प्लँट, त्यामुळे इथल्या पोरांना हे नवं नाही. पण स्क्रीनवरचा आकडा खरा की खोटा, हे माझ्या मते अ‍ॅपपेक्षा वायरिंगवर जास्त ठरतं.

पाश्चरायझेशनमध्ये दूध साधारण ७२ अंशांवर किमान १५ सेकंद ठेवतात. ते बघतो पाइपमधला सेन्सर, बहुतेकदा पीटी-१००. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, १०० अंशांना १३८.५. म्हणजे एका अंशाला जेमतेम ०.४ ओहम!

आता १५ मीटरवरून अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या दोनच वायरी ओढल्या, तर जाऊन-येऊन वायरचाच रोध एक ओहम भरतो. कंट्रोलरला वाटतं दूधच तापलंय. दूध ७०वर, स्क्रीन ७२च्या पुढे. कमी तापलेलं दूध मागे फिरवणारा व्हॉल्व्ह गप्प, दूध थेट पिशवीकडे. चूक नेमकी धोक्याच्याच बाजूला होते, हे मला जास्त खटकतं.

उपाय स्वस्त आहे: तिसरी वायर. तिच्यामुळे कंट्रोलर वायरचा रोध वजा करतो. फक्त तिन्ही वायरी सारख्या लांबी-जाडीच्या हव्यात. वायर वाचवायला कंट्रोलरपाशीच दोन टर्मिनल जोडली, की मुसळ केरात.

आयटीआयवाल्यांनो, तपासायचं तर पूर्ण वायरिंगसकट सेन्सर बर्फ-पाण्यात बुडवा. स्क्रीनवर शून्याऐवजी तीन दिसलं, तर आधी टर्मिनल उघडून बघा.